लाट काई आनत नाई

पैज लागली ती एका सुक्या भोपळ्यावरून. मे महिन्यात कोसंबटोल्यात माणसाच्या अंगाची काहिली होते आणि डोक्याला काम नसतं, तेव्हा भोपळा काय, माशीवरूनही पैज लागते.

तलावाच्या पाळीवर, मोहाच्या सावलीत डोमा जाळं सांधत बसला होता. बायको गोकुळा फाटलेली जागा बोटानं शोधून त्याच्या हातात देत होती. जाळ्याला बांधायचा तुंबा, म्हणजे सुका भोपळा, सुटून पाण्यात गेला होता. काठापासून वीस हात आत नुसता पडून होता, वाऱ्याचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात शेजारचा हेमराज आला. गळ्यात खदानीचं ओळखपत्र, हातात शिटी. वर्षभरापूर्वी हाच हेमराज डोमाच्या डोंग्यात, म्हणजे लाकडी होडीत, मागं उभा राहून बांबू टाकायचा. गिट्टीच्या खदानीवर सुपरवायझर झाला तेव्हापासून चपलेत खडा गेला तरी काढायला दुसरा माणूस शोधायचा.

"डोमाभाऊ, तुंबा गेला न गा तुमचा."

"राहू दे. मंग जाऊन आनतो."

"जाऊन काऊन? त्याच्या पलीकडं गोटे मारतो, लाटेनं येते काठाले."

"नाई येत. लाट त्याले नाचवते. आनत नाई काई."

"बाप्पा! लाट आनत नाई म्हनते! मंग काठाले येते थे काय येते?"

डोमाला बोलून सांगता येत नसे. त्यानं जाळ्यात डोकं घातलं. गोकुळाला मात्र असल्या गोष्टीत गुदगुल्या व्हायच्या. "लावा न मंग पैज! हारला तो शुक्रवारच्या बाजारात आमच्या बायांच्या ओळीत बसन. विळीवर. दिवसभर मासे कापन."

पाळीवर होते नव्हते ते सगळे गोळा झाले. हेमराजनं बाह्या सारल्या आणि तुंब्याच्या पलीकडे गोटे मारायला लागला. मोठा गोटा मारला तर लाट उंच उठली, तुंबा उंच नाचला. बारके गोटे भराभर मारले तर लाटा जवळजवळ आल्या, तुंबा भराभर नाचला. लाटा काठाला येऊन डोमाचे पाय भिजवून गेल्या. तुंबा होता तिथंच. हेमराजचा खांदा दुखायला लागला, शर्ट पाठीला चिकटला, लोक टाळ्या वाजवायला लागले.

"शुक्रवारी विळीले धार लावून ठेवते गा, हेमराज!" गोकुळा म्हणाली.

"बसतो, बसतो," म्हणत तो गेला. शुक्रवारी नेमकी त्याला ड्युटी निघाली. त्याच्या पुढल्या शुक्रवारीही निघाली. लोक हसले आणि विसरले.

मग मासे मेले.

मे महिन्यात तलाव आटतो. पाणी उरतं ते टेकडीकडच्या खोल कोपऱ्यात, आणि सगळी मच्छी तिथंच जमते. मच्छीमार सोसायटी त्या कोपऱ्यात जाळं टाकत नाही. ती मिरगाची, म्हणजे मृग नक्षत्राची मच्छी. मिरग लागला की घरोघरी मासा शिजलाच पाहिजे, मूल शहरापासून गिऱ्हाईक येतं, आणि सोसायटीच्या अठ्ठावीस घरांचा पावसाळा त्या एका ओढीवर निघतो. ती राखायचं काम डोमाकडे. अकरा वर्षं राखली, कुणाला बोटभर मासा काढू दिला नाही. म्हणून अर्ध्या गावाशी वाकडं.

खदान होती टेकडीच्या पलीकडच्या अंगाला. खात खात ती खोल कोपऱ्यापासून दीडशे पावलांवर आली होती. मधे टेकडीची पाठ शिल्लक होती तेवढीच. दुपारी एकला सुरुंगाचा बार उडायचा.

त्या दिवशी बार झाला. घंटाभरानं गोकुळा भांडी घासायला काठावर आली तर खोल कोपऱ्यात पांढरं पांढरं दिसलं. वाटलं, कुणी धोतर धुवून टाकलं. मग धोतराला डोळे दिसले.

"डोमा! ओ डोमा! धाव!"

दोघं डोंगा घेऊन गेले. रोहू, कतला, मिरगल, सगळे पोट वर करून. कुणी अजून कल्ला हलवत होता. डोमा मांड्यांइतक्या पाण्यात उतरून ओंजळीनं मासे उचलायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा, जणू नीट सोडले तर पोहतील. गोकुळानं त्याच्या मनगटाला धरलं तेव्हा थांबला. अंधार पडायच्या आत घमेल्या घमेल्यानं मासे बाहेर काढले. उन्हानं पोटं फुगायला लागली, बोटांना न जाणारी चिकटी लागली, कुत्री भांडली.

गोकुळानं विळीवर एक कतला उघडला. वीस वर्षं मासे कापणारी बाई. आतला फुगा, ज्याच्यावर मासा तरंगतो तो, चिंधी होऊन पडला होता. भोवती रक्त साकळलेलं. तिनं दुसरा उघडला. तसाच. पाच उघडले, पाची तसे.

"हे जहर नोहे, डोमा. जहरानं मासा वरते येऊन तोंड उघडून मरते. ह्याचा फुगा फुटला हाये."

पाळीवर लोक जमत होते, आणि त्यांच्या नजरा माशांवर नव्हत्या, डोमावर होत्या.

तिसऱ्या दिवशी तालुक्याहून पाहणी करायला साहेब आला. नाकाला रुमाल. त्याच्याबरोबर सोसायटीचा अध्यक्ष अतुल, आणि खदानीकडून हेमराज. गोकुळानं मीठ लावून ठेवलेला मासा उघडून पुढे केला.

"साहेब, हा फुगा पाहा."

"बाई, लांब घ्या ते, लांब घ्या," साहेब मागं सरकला. "खदानीतून इकडे दगड येतात का?"

"एक खडा आला असन तं दाखवा," हेमराज म्हणाला. "मधात टेकडी हाये, साहेब. धूरही येत नाई."

"दगड नाई येत," डोमा म्हणाला. "धक्का येते. पान्यातून."

आणि हेमराज हसला. गोकुळाला ते हसणं जन्मात विसरता येणार नव्हतं.

"साहेब, ह्याच मानसानं तीन हप्त्याखाली साऱ्या गावासमोर पैज मारली का लाट काई आनत नाई. गोटे मारून मारून माहा खांदा गेला. तुंबा हलला नाई. मी हारलो, कबूल! विचारा अध्यक्षाले. लाट काई आनत नाई तं आमच्या खदानीतून काय आलं तुहे मासे माराले, सांग न डोमाभाऊ?"

साहेबालाही हसू आलं. लोक हसले. डोमाचं तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. काठावरच्या माशासारखं. त्याला ठाऊक होतं, हाडात ठाऊक होतं, पण ते जिभेवर येईना.

साहेबानं कागदावर लिहिलं : बाहेरून कुठलीही वस्तू पाण्यात आल्याचं आढळत नाही. मग उरलं काय? जहर. जहर कुणी टाकलं? राखणदार कोण होता?

अतुलनं मान खाली घालून सांगितलं, मंगळवारी सकाळी पाळीवर मिटिंग. डोमाचं नाव सोसायटीतून काटायचं का ठेवायचं, ते ठरन. तोवर डोंगा पान्याबाहेर. दोन माणसांनी डोमाचा डोंगा ओढून मोहाला साखळीनं बांधला. डोमा बघत उभा. त्यातला एक ओढताना घसरला तर डोमानंच पुढे होऊन डोंग्याला हात लावला. स्वतःचा डोंगा स्वतःच ओढून दिला. गोकुळाला तेव्हा नवऱ्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

पाणी बंद झालं तसे दोघं विडीच्या तेंदूपत्त्याला जायला लागले. पहाटे जंगलात, कमरेतून वाकून पानं खुडायची, दुपारी अंगणात बसून पुडे बांधायचे. बोटं चिकानं काळी. फळीवर, म्हणजे पत्ता-खरेदीच्या जागी, पुडे मोजून घेणारा मुन्शीसुद्धा म्हणाला, "पुड्यात काई टाकलं नाई न गा डोमाभाऊ? औषध-गिवषध?" डोमा हसला. नुसता हसला.

तिथंच त्यांना चैतू भेटला. एटापल्लीकडचा पोरगेला गडी, खदानीत सुरुंगाची दारू भरायला ड्रिलनं होल मारायचा. पत्त्याचा हंगाम म्हणून आठ दिवस इकडे आलेला. गोकुळानं त्याला भाकर आणि आंबाडीची भाजी दिली. त्यानं खाता खाता सांगितलं, "त्या दिवशी चाळीस होल होते, बाई. रोज पंधरा-सोळा राह्यते. शेठले गिट्टीची घाई होती. आता मंगळवारी पुन्हा चाळीस हायेत. मीच मारून आलो."

"आन साहेब आला त्या दिवशी?"

"त्या दिवशी पाच. नुसती फुसफुस."

गोकुळानं ते मनात गाठीला बांधून ठेवलं.

घरी आल्यावर तिचा भडका उडाला. डोमा अंगणात जाळ्याचा लांब दोर पिळून वाळत घालत होता. एक टोक त्याच्या मुठीत, दुसरं टोक गोकुळाच्या.

"बोलला काऊन नाईस तू? हाव? तोंडात का माती भरली होती?"

"त्यानं मलेच पकडलं गोकुळा. माह्याच बोलीत. लाट आनत नाई म्हनलो मी. खरंच नाई आनत."

"खरं हाये तं मंग मासे कायनं मेले?"

"मले मालूम हाये कायनं. सांगता येत नाई."

तिनं रागानं हातातल्या टोकाला असा हिसका दिला की दोराला उंटाच्या पाठीसारखा एक उंटाडा उठला. तो उंटाडा धावत गेला आणि डोमाच्या मुठीवर फाडकन बसला. दोर सुटला, डोमा हात झाडत "आई गं" करून बसला.

गोकुळा आपल्या हाताकडे पाहत राहिली. तिचं टोक तिच्याच हातात होतं.

"डोमा. दोर आला का तुह्याकडे?"

"नाई."

"मंग तुले लागलं काय?"

डोमा बोटं चोळत राहिला. तिनं पुन्हा हिसका दिला, हळू. बारका उंटाडा गेला. जोरात दिला, मोठा गेला. दोन्ही सारख्याच घाईनं गेले. दोर जिथला तिथं.

"वस्तू नाई जात," गोकुळा म्हणाली, आणि तिच्या दातांवर दात बसले. "मार जाते. थो साहेब वस्तू शोधून राह्यला. मार कुठी दिसन त्याले? मार खानाऱ्याले दिसते."

मंगळवारी पाळीवर सोसायटीचे सगळे जमले. हेमराज खदानीकडून खास आला होता, तो आता सोसायटीचा सभासद नव्हता, तरी पुढच्या ओळीत बसला. अतुलनं वही उघडली. विषय दहा मिनिटांचा होता. पण गोकुळानं त्या दिवशी मिटिंगचं पार मातेरं केलं. मागल्या वर्षीचं जाळं कुणी फाडलं, इथून सुरू केलं. मग कुणाच्या बकरीनं पाळीवरची झाडं खाल्ली. मग गणपतीची वर्गणी. लोक वैतागले, पण असल्या गोष्टीत प्रत्येकाला काहीतरी बोलायचं असतंच. साडेबारा झाले. अतुलनं घाम पुसला.

"बाई, आता डोमाभाऊचं घेऊ?"

"घ्या न. मले एकच इचाराचं हाये. हेमराज, बारानं पान्यात काई येत नाई म्हनतेस?"

"कितीदा सांगू? काई नाई येत."

"मंग ये. खोल कोपऱ्यात छातीइतल्या पान्यात उभं राहू. तू आन मी. एकचा बार होऊ दे. पहिले जो निघाला थो हारला."

हेमराजच्या गळ्यातलं ओळखपत्र हललं.

"हे काय पोरखेळ," तो म्हणाला.

"काऊन? काई येत नाई न? उन्हाचं बरंच लागन. मी हारली तं डोमाचं नाव मी सोता काटीन वहीतून. तू हारला तं मागची पैज आन ही, दोन्ही शुक्रवारी. विळीवर बसाचं. आन गिऱ्हाइकानं विचारलं का मासे बारके काऊन, तं खरं कारन सांगाचं. जो विचारन त्याले."

"उतर न गा हेमराज, भेतोस कायले?" मागून कुणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडले. हेमराजची बायको आशाबाईही तिथंच होती. तिला तर वाटलं, यात काय आहे, थंड होऊन येईल. "जा न वो," ती म्हणाली. माणूस कसा अडकतो पाहा. घरच्यानंच ढकललं.

दोघं उतरले. गोकुळानं लुगड्याचा काष्टा कसला आणि सरळ छातीइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली. खाली गाळ मऊ होता, तळाचं पाणी गार होतं. हेमराज तिच्यापासून चार हात अंतरावर. बाकीचे काठावर. काहीजण गुडघाभर पाण्यात. डोमा सगळ्यात पुढं, "गोकुळा, ये बाहेर" म्हणत. तिनं पाहिलंही नाही त्याच्याकडे.

टेकडीमागं इशाऱ्याचा पहिला भोंगा वाजला.

"आज होल किती गा?" गोकुळानं विचारलं. सहज, भाजी विचारावी तसं.

हेमराजनं तिच्याकडे पाहिलं. त्याला कळलं की तिला ठाऊक आहे.

"गोकुळाबाई, निघू दोघं. गंमत झाली."

"तू नीघ."

दुसरा भोंगा. हेमराजच्या ओठावरच्या मिशीत घाम दिसत होता, पाण्यात उभं राहून घाम. "बाई, लागते थे. सांगतो तुले. निघ न!"

"मोठ्यानं सांग. काठावर आयकू नाई जात."

तिसरा भोंगा लागला आणि हेमराज फिरला. छातीइतक्या पाण्यात माणसाला पळता येत नाही. तो हातानं पाणी ओढत, पडत, गाळात एक चप्पल सोडून, कुत्र्यासारखा चार पायांवर काठाला चढला. कुणी हसलं नाही. सगळे गोकुळाकडे पाहत होते.

भोंगा थांबला. बगळा उडाला.

मग पाण्यानं तिच्या पोटात बुक्की मारली. आवाज त्याच्या मागनं आला, टेकडीवरून. बुक्की आधीच बसली होती. बरगड्या आत दाबल्या, दात दातांवर आपटले, श्वास गेला तो परत येईना. पाणी कुठंही गेलं नव्हतं. थरथरलं आणि परत होतं तसंच. गुडघाभर पाण्यातली माणसं "आँ!" करून मागं उडाली, कुणी पिंढऱ्या धरून बसला.

डोमा आत धावला. तिनं त्याला हातानंच थांबवलं. वाकली, ओकली, पुन्हा उभी राहिली. तिच्या भोवती चार पांढरी पोटं हळूहळू वर आली. उरलेल्या थोड्या माशांतली. त्यातला सगळ्यात मोठा कतला तिनं कल्ल्यात बोट घालून उचलला आणि काठावर येऊन अतुलच्या वहीवर टाकला.

"काप."

"बाई, वही..."

"काप म्हनते न!"

अतुलनं कुणाचातरी विळा घेतला. पोट उघडलं. वहीच्या पानावर रक्त आणि फुटका फुगा. अठ्ठावीस घरांची माणसं वाकून पाहत राहिली. मग एकेकानं मान वर केली आणि यावेळी नजरा हेमराजवर गेल्या. तो एका चपलेवर उभा होता.

डोमाचं नाव राहिलं. साखळी काढली, डोंगा पाण्यात गेला. सोसायटीनं तक्रार लिहिली, वर पाठवली. वर म्हणजे कुठं, कुणालाच माहीत नव्हतं. बार रोज एकला होतच होते. मिरगाची मच्छी तर गेली ती गेलीच. म्हणून गोकुळाचा राग काही निवला नव्हता. जेवताना आला, निजताना आला. डोमा एकदा म्हणाला, "जाऊ दे आता," तर त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

शुक्रवारी ड्युटी निघाली नाही. आशाबाईच हेमराजला घेऊन आली. बाजारात वांग्या-मिरच्यांच्या पलीकडे मासे कापणाऱ्या बायांची ओळ, खाली गोणपाट, समोर विळ्या, माशांवर माश्या. मधोमध हेमराज बसला. एक पाय विळीच्या पाटावर दाबून, तोंड बांधल्यासारखं. बघायला भोवतालच्या पाच गावांतून लोक आलेले. बायांनी त्याला आपल्यासारखा जुना पदर खांद्यावर टाकायला दिला, खवले उडून शर्ट खराब होईल म्हणून. हसू दाबत.

"मासे एवढे बारके काऊन गा?" पहिल्या म्हातारीनं विचारलं.

"खदानीनं," हेमराज पुटपुटला.

"काय?"

"मोठ्यानं," गोकुळा म्हणाली. ती त्याच्या बाजूलाच बसली होती, मासे पुढे सारत.

"खदानीच्या बारानं मोठे मेले."

दुसऱ्यानं विचारलं. तिसऱ्यानं विचारलं. काही तर मुद्दाम दोनदा ओळीत लागले. हेमराजचं बोट कापलं, त्यानं तोंडात घातलं, मीठ आणि माशाचं रक्त लागलं, थुंकला. आशाबाई लांब उभी राहून डोळ्याला पदर लावत होती. गोकुळाला ते दिसलं. तिनं पुढचा मासा सारला.

दुपार व्हायला खदानीची पांढरी गाडी थांबली. शेठचा ड्रायव्हर उतरला, पिशवी झटकत आला, आणि विळीवर आपला सुपरवायझर पाहून जागीच थांबला.

"हेमराज? हे काय बे?"

बायांनी विळ्यांवरून माना वर केल्या.

"बरं, दोन किलो दे. शेठकडे पाव्हणे हायेत. मोठी पाह्यजे." त्यानं टोपलीत वाकून पाहिलं. "बस, इतलीच? मोठी नाई काऊन?"

हेमराजचा हात विळीवर थांबला. त्यानं गोकुळाकडे पाहिलं. हात जोडल्यासारखं पाहिलं. नोकरी, पगार, गळ्यातली ती पट्टी, सगळं त्या नजरेत होतं. गोकुळाच्या बरगड्या अजून श्वास घेताना दुखत होत्या. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"मोठी आमी मारली," हेमराज म्हणाला.

"कोन आमी?"

"आमी. खदानीनं. चाळीस होल भरून. शेठले सांग, हेमराज म्हनते म्हना." त्याचा आवाज वांग्या-मिरच्यांच्या पलीकडे, कपड्यांच्या दुकानापर्यंत गेला. लोकांनी वळून पाहिलं.

ड्रायव्हर पिशवी तशीच दुमडून गाडीकडे गेला. हेमराजनं मनगटानं तोंड पुसलं, गालाला खवले चिकटले. गोकुळानं टोपलीतून एक मिरगल काढून त्याच्या विळीपुढे ठेवला.

"शेपटीकडून घे. खवले राह्यले त्याचे."